चिकित्सक लेकराला कोणती शाखा?

सेलूहून एका भाऊंनी विचारलंय. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बारावीला, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घेतलेले. ते लिहितात: "पोरगी हुशार आहे, पण लई चिकित्सक. साधा मोबाईल घ्यायचा तर पंधरा दिवस तुलना करते. ऑनलाईन चाचणी दिली तर 'अ‍ॅनालिटिकल पर्सनॅलिटी' असं आलं. दुकानाची उधारीची वही तीच बघते. गेल्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारी आल्या, तर तिनं पावत्या काढून एकाच लॉटच्या पिशव्यांची तक्रार जास्त असल्याचं दाखवून दिलं. नातेवाईक म्हणतात डॉक्टरकीसाठी नीटची परीक्षा द्या, तयारीला लातूरला ठेवा. तिला विचारलं तर 'अजून ठरलं नाही' म्हणते. अशा स्वभावाच्या मुलीला कोणती शाखा बरी?"

भाऊ, मी 27 वर्षं लातुरात अकरावी-बारावीला गणित आणि संख्याशास्त्र शिकवलं. आता शाखा निवडायला येणाऱ्या मुलामुलींशी बोलते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मला चाचणीची वाटली नाही, लॉटच्या पिशव्यांची वाटली. चाचणीत लेकरू स्वतःबद्दल जे वाटतं किंवा जे व्हावंसं वाटतं ते भरतं. पावत्या काढून बसायला मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितल्याशिवाय मूल ज्या कामाला तासन्‌तास बसतं, त्यावरून त्याचा कल कळतो. चाचणीचा कागद कपाटात ठेवून द्या, चर्चेला एक निमित्त म्हणून तो पुरे.

आपल्याकडे 'चिकित्सक' हा शब्द तक्रारीसारखा वापरतात. फाटे फोडते, किस पाडते, खोलात शिरते. पण या स्वभावात दोन अगदी वेगळी माणसं असतात आणि त्यांची गल्लत झाली की शाखा चुकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी व्यवसायाच्या ओढीनुसार माणसांचे सहा प्रकार मांडले होते. त्यातला एक शोधक आणि दुसरा नीटनेटकी, नियमबद्ध मांडणी आवडणारा. आपण दोघांनाही विश्लेषक म्हणतो. मी माझ्या सोयीसाठी एकाला 'शोध घेणारा' आणि दुसऱ्याला 'ताळा करणारा' म्हणते. ताळा करणाऱ्याला हिशेब जुळला की समाधान मिळतं. शोध घेणाऱ्याला हिशेब का जुळत नाही यात रस असतो, आणि एकदा कारण सापडलं की पुढची शंभर पानं जुळवायचा त्याला कंटाळा येतो.

हे ओळखायला मी समोर बसलेल्या मुलांना एक खेळ देते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर मास्तर यांनी 1949 साली तो जगापुढे ठेवला. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करायची. उत्तरावर पुन्हा तेच. 3524 घेतली तर 5432 वजा 2345 म्हणजे 3087. मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352. मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. आणि 6174 वर गाडी थांबते, पुढे कितीही वेळा करा तेच येतं. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174.

मी तेव्हा आकड्यांकडे बघत नाही, लेकराकडे बघते. काही मुलं प्रत्येक वजाबाकीचा ताळा करतात, ओळीखाली ओळ सरळ मांडतात, दहा संख्या घेऊन दहाही वेळा 6174 आलं की खूश होतात. काही मुलं तिसऱ्याच संख्येला थांबून विचारतात, "मॅडम, तीन अंकी घेतली तर?" (तीन अंकी घेतली तर 495 येतं. ते मी सांगत नाही, घरी करून बघायला लावते.) आणि एखादं लेकरू विचारतं, "पण असं का होतं?" शेवटच्या दोघांना मी शोध घेणाऱ्यांत धरते. पहिली मुलं जराही कमी नाहीत, हे पालकांना मला मुद्दाम सांगावं लागतं. त्यांच्या हाती बँक, लेखापरीक्षण, औषधाच्या कारखान्यातली गुणवत्ता तपासणी सोपवली तर सगळ्यांना झोप लागते.

हा फरक मी चूक करून शिकले. फार वर्षांपूर्वी एका मुलाला गणितात 100 पैकी 98 होते. त्याच्या वडिलांना मी ठासून सांगितलं, अभियांत्रिकी, दुसरं काही नको. मुलगा पक्का ताळा करणारा होता. अर्धवट माहितीवर अंदाज बांधून पुढे जाणं त्याला छळासारखं वाटायचं, आणि प्रकल्प करताना नेमकं तेच करावं लागतं. तिसऱ्या वर्षी त्यानं शिक्षण सोडलं, दोन वर्षं घरी बसला, मग सीए केलं आणि तिथे तो रमला. त्याची ती दोन-तीन वर्षं माझ्या सल्ल्यापायी गेली. गुण बघून मी स्वभाव ठरवला होता. तेव्हापासून गुणपत्रिका मी शेवटी बघते.

आता तुमच्या मुलीकडे येते. लॉटचा तपास हे शोध घेणाऱ्याचं लक्षण आहे, उधारीची वही नीट ठेवणं हे ताळा करणाऱ्याचं. दोन्ही थोडं थोडं असू शकतं. तिला एवढंच विचारा: वही लिहिताना बरं वाटतं, की वहीत काही विचित्र दिसलं की बरं वाटतं? तिचं उत्तर मला अजून माहीत नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

वहीच जास्त आवडत असेल तर सीएचा विचार करा. बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा असते. चार पेपर, प्रत्येकी 100 गुणांचे. प्रत्येकात 40 टक्के आणि एकूण 50 टक्के लागतात. त्यातला एक पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. विज्ञान शाखेच्या मुलांनाही ही वाट खुली आहे, पालकांना हे बरेचदा माहीत नसतं. पुढे इंटरमिजिएट, मग आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, जे नव्या योजनेत तीनऐवजी दोन वर्षांचं झालं आहे. तयारीसाठी मोठ्या शहरात राहायलाच पाहिजे असं नाही.

शोध घेणारी असेल तर माझा पहिला कौल संख्याशास्त्राला आहे, आणि यात माझा विषय म्हणून पक्षपात असेल तर तो मी मान्य करते. पण कारण ऐका. तुमच्या दुकानात येणारा प्रत्येक शेतकरी पीकविम्याबद्दल बोलतो. विमा मिळणार की नाही हे महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांवर बरंचसं ठरत आलंय. काही शेतं निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून मळून तोलायचं आणि त्यावरून सबंध मंडळाचं उत्पादन काढायचं. ही पद्धत शास्त्रशुद्ध पायावर आणण्यात 1940 च्या दशकात दोन मराठी माणसांचा मोठा वाटा होता: साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे. सुखात्म्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली. कापायचा तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. का? तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त. आणि कडेवरची ताटं आत धरायची की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. यात लबाडी कुणाचीच नसते, पण आकडा फुगतो. आकडा फुगला की नुकसान कमी दिसतं, आणि नुकसान कमी दिसलं की शेतकऱ्याच्या खात्यावर काय येणार? तुमच्या मुलीनं पिशव्यांच्या पावत्यांवरून जे केलं ना, त्याच जातीचं हे काम आहे. तिला ही गोष्ट वाचून दाखवा आणि तिचा चेहरा बघा.

या विषयाच्या वाटा अशा. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली उभी केली. तिथे बारावीनंतर बी.स्टॅट.ला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, जाता येतं. प्रवेश परीक्षा फार कठीण असते. तिथे पाठांतर चालत नाही, सिद्धता लिहावी लागते. निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळतं. पुण्याच्या विद्यापीठातला संख्याशास्त्र विभाग 1953 साली कोल्हापूरच्या व. शं. हुजूरबाजारांनी सुरू केला, आणि एम.एस्सी.साठी आजही आपल्याकडची मुलं तिकडे बघतात. घराजवळ हवं असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात हा विषय शिकता येतो. पदवीनंतर संघ लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते. मुख्य अट ही, की पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला संख्याशास्त्र हा विषय असला पाहिजे. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयातही पदं असतात. विमा कंपन्यांत ॲक्चुअरी लागतात. माणसाचं आयुर्मान, अपघात, आजार यांची जोखीम मोजून हप्ता ठरवणारे हे लोक. त्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते. पुढचे पेपर सुटायला मात्र वर्षं लागतात, धीर असेल तरच.

'डेटा सायन्स' नावाची पदवी आता गल्लोगल्ली निघाली आहे. नाव ऐकून प्रवेश घेऊ नका. अभ्यासक्रम मागवा आणि त्यात संभाव्यता, रेषीय बीजगणित, नमुना सर्वेक्षण हे विषय किती सत्रं शिकवतात ते मोजा. नुसती सॉफ्टवेअरची नावं दिसली तर परत या. सॉफ्टवेअर चार वर्षांत बदलतं. कोणत्याही कॉलेजात गेलात की आणखी एक प्रश्न जरूर विचारा: या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, की सगळे तासिका तत्त्वावर (सीएचबी)? सीएचबीवरची मंडळी बहुतेक जीव तोडून शिकवतात, मी जवळून पाहिलंय. पण दरवर्षी माणूस बदलत गेला तर विषय पक्का होत नाही. आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीला मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषय निवडता येतात. संख्याशास्त्र मेजर आणि अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र मायनर, ही जोडी मला तिच्यासाठी फार आवडेल.

नीटबद्दल. नीटच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे असतात. उलट एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात 200 पैकी 100 गुण गणिताचे. म्हणजे जे मूल जीवशास्त्राचं पुस्तक नाइलाजाने उघडतं आणि गणिताला आपणहून बसतं, त्याला नीटला बसवणं म्हणजे अर्धी लढाई उजवा हात बांधून लढायला लावणं. डॉक्टरकीत विश्लेषण नाही असं मी मुळीच म्हणत नाही. ताप कशाचा हे ओळखणं हा तपासच आहे. पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी, साथरोगशास्त्र ही तर अशा डोक्याचीच कामं. पण तिथवर पोचण्याआधी शरीररचनेचं प्रचंड पाठांतर आहे, आणि पुढे दिवसभर माणसांचं दुःख ऐकण्याची तयारी लागते. तिला पेशी, आनुवंशिकता, रोग यांचं खरंच कुतूहल असेल तर जरूर द्या. गुणपत्रिकेत जीवशास्त्राला 95 आहेत एवढ्यावरून देऊ नका. आणि मनाविरुद्ध देऊन मग एक वर्ष रिपीट, दुसरं वर्ष रिपीट, हे मी लातूरच्या खोल्यांमधून इतकं बघितलंय की आता बघवत नाही. अठरा-एकोणीस वर्षांची लेकरं आरशात बघायला कचरतात.

जीवशास्त्र आणि गणित दोन्ही आवडत असेल तर एक फार चांगली वाट आहे, आपल्या भागात तिच्याबद्दल कमी बोललं जातं. आयसर, म्हणजे पुणे आणि इतर ठिकाणच्या मूलभूत विज्ञानाच्या संस्था. पुण्याची 2006 साली सुरू झाली. त्यांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित, जीव अशा चारही विषयांचे प्रत्येकी 15 प्रश्न असतात. तुमच्या मुलीनं चारही विषय घेतलेत, ती तिथे कमी पडणार नाही. आणि परभणी तर तुमच्या दारातच आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सोयाबीनचं एमएयूएस-71 किंवा एमएयूएस-158 तुम्ही दुकानात विकलं असेल. वाण कसं निवडतात, किती ठिकाणी, किती हंगाम, किती ओळींत पेरून तुलना करतात, हे तिला एकदा विद्यापीठात नेऊन दाखवा. वनस्पती पैदास आणि आनुवंशिकी हे शोध घेणाऱ्याचंच क्षेत्र आहे. दुकान सांभाळणाऱ्या घरातून आलेल्या मुलीला तिथे सुरुवातीपासून अर्ध्या गोष्टी माहीत असतील.

भूगर्भशास्त्र मात्र मला मुद्दाम सुचवायचंय, कारण आपल्या भागाला त्याची तहान आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं, तेव्हा मी रांगेत होते. आपल्या काळ्या बेसाल्टमध्ये पाणी खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं. म्हणून एका वावरात बोअरला पाणी लागतं आणि बांधापलीकडे सहाशे फूट कोरडं जातं. आपण अजून पाणी दाखवणाऱ्या पानाड्याला नारळ घेऊन फिरवतो. ज्या लेकराला 'असं का' हा प्रश्न सोडत नाही त्यानं हा खडक वाचायला शिकावं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरलं, तोवर हा सगळा भाग भूकंपाच्या दृष्टीनं स्थिर मानला जात होता. अजूनही प्रश्न शिल्लक आहेत. नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राचं संकुल आहे. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत आणि केंद्रातल्या भूवैज्ञानिकांच्या परीक्षेतून नोकऱ्या मिळतात.

अभियांत्रिकी तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी आणि संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, ही दोन्ही घराजवळची आणि चांगली. वस्तू खोलून बघायची हौस असेल तर जा, नुसतं गणित आवडतं म्हणून नको. न्यायसहायक (फॉरेन्सिक) विज्ञानाची शासकीय संस्थाही संभाजीनगरला आहे. आणि शब्दाचा किस पाडणारं मूल असेल तर तिथेच महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ 2017 पासून सुरू आहे. तिथल्या प्रवेशासाठीच्या क्लॅट परीक्षेचा पेपर बहुतेक उतारे वाचून तर्क लावण्याचा असतो. तुमची मुलगी आकड्यांत रमते की वादात, ते तुम्ही घरी रोज ऐकताच.

पैशांची काळजी तुम्ही लिहिली नाही, पण ती असणारच. 2024-25 पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा, निकालानंतर रांग लागते.

राहिलं तिचं 'अजून ठरलं नाही'. तिच्या स्वभावाचा हा अवघड भाग आहे. सगळी माहिती आल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही, आणि सगळी माहिती कधीच येत नाही. तिला रागवू नका. तिच्यापुढे कागद ठेवा आणि दोन रकाने करायला सांगा: कोणता निर्णय घेतल्यावर मागे फिरता येतं आणि कोणता घेतल्यावर फिरता येत नाही. बी.एस्सी.ला मायनर बदलता येतो. एका वर्षानंतर सीए फाउंडेशनला बसता येतं. पण बारावीला गणित सोडलं तर संख्याशास्त्र, अभियांत्रिकी, बी.स्टॅट. ही दारं बंद होतात. म्हणून यंदा एवढंच ठरवा, की गणित सुटणार नाही. सीईटीचे दोन्ही गट भरा, पीसीएम आणि पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्राचा). आयसरची परीक्षा भरा. नीट भरायची तर भरा, पण घरात कुणी त्याला शेवटची परीक्षा म्हणू नये. तारखांचा तक्ता तिलाच करू द्या. असा तक्ता ती कुणाहीपेक्षा चांगला करेल आणि करता करता तिचं मन कुठे वळतंय ते तुम्हाला दिसेल.

दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन लातूरला या. येताना त्या लॉटच्या पिशव्यांचा कागद जरूर आणा. कोणत्या शेतात कधी पेरलं, पाऊस कधी झाला, हे तिनं पावत्यांसोबत नोंदवलं होतं का, ते मला तिच्याकडूनच ऐकायचंय.